अंतराळातला कामगार आणि अब्बांचा हात

(अजिंठा येथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला आधी विषय दिला होता, 'तंत्रज्ञान आणि आपण'. या विषयावर काहीही न सांगता तासभर बोलता येतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, मला एखादा छोटा प्रश्न द्या. त्यांनी इथल्याच एका बारावीतल्या मुलाचा प्रश्न फोनवर पाठवला: "सर, माणसासारखे दिसणारे रोबोट अंतराळात खरंच काम करू शकतील, की ते फक्त व्हिडिओपुरतेच असतात?"

प्रश्न आवडला, कारण त्यात 'काम' हा शब्द आहे. रोबोट नाचतो, उडी मारतो, पंतप्रधानांना नमस्कार करतो, हे आपण बघतोच. तो कामाचा आहे का, हे कुणी फारसं विचारत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी अंतराळशास्त्रज्ञ नाही. मी वाळूजच्या कामगार वस्तीत वाढलो, इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. कारखान्यातल्या रोबोटच्या हाताला समोरची वस्तू ओळखून ती नीट उचलता यावी, एवढंच माझं काम. दहा वर्षं हेच करतोय आणि अजूनही पॉलिथिनची पिशवी मला छळते. लोखंडी पार्ट कसाही ठेवा, त्याचा आकार तोच राहतो. पिशवीचा आकार दर वेळी वेगळा. तुमच्या घरातलं दोन वर्षांचं पोर जी पिशवी ओढून खाली पाडतं, तिच्यापुढे आमचा लाखो रुपयांचा रोबोट विचार करत उभा राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण या धंद्यात मी पुस्तकातून आलो नाही. अब्बांमुळे आलो.

अब्बा वाळूजला एका छोट्या कंपनीत स्प्रे पेंटर होते. मोठ्या कंपन्यांना रंगवलेले पार्ट पुरवणारी कंपनी. तोंडाला रुमाल, डोक्याला कापड, हातात गन आणि समोर साखळीवर लटकून येणारे पार्ट. एकसारखा पातळ थर देणं, कोपऱ्यात रंग साचू न देणं, कडेवरून ओघळ येऊ न देणं, हे मनगटाचं कसब आहे. त्यांची बोटं घरी जेवतानासुद्धा थिनरची वास मारायची. मी अकरावीत असताना त्या कंपनीत रंग मारणारा रोबोट आला. बाहेरून इंजिनिअर आले आणि त्यांनी विचारलं, सगळ्यात चांगला पेंटर कोण? सगळ्यांनी अब्बांकडे बोट दाखवलं.

त्या प्रकारच्या रोबोटला शिकवायची पद्धत सांगतो, कारण आजच्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. त्याला प्रोग्राम लिहून शिकवत नाहीत. पेंटर त्याचा हात धरतो आणि जसा रंग मारायचा तसा मारून दाखवतो. रोबोट प्रत्येक सांध्याची हालचाल नोंदवून ठेवतो आणि मग तीच हालचाल दिवसभर करत राहतो. नॉर्वेतल्या ट्राल्फा कंपनीनं 1960 च्या दशकात हातगाड्या रंगवायला असा रोबोट बनवला होता. अब्बांनी आठवडाभर त्या यंत्राचा हात धरून एकेक पार्ट शिकवला. घरी येऊन आनंदानं सांगायचे, आज बेंड पाईप शिकवला, आज ब्रॅकेट शिकवला. तीन महिन्यांनी पेंट शॉपमधल्या सहा जणांपैकी चार जणांना घरी बसवलं. त्यात अब्बा होते.

त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले, "मेरा हाथ ले लिए, मेरेकू छोड दिए."

आता दुसरी बाजू. अब्बांना खोकला त्याआधीच सुरू झाला होता. आज त्यांच्या उशाशी पंप असतो आणि जिना चढताना ते दोनदा थांबतात. त्या बूथमध्ये अजून दहा वर्षं राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही. म्हणजे रोबोट जिथे बसवला ती जागा बरोबर होती, तिथे माणूस असायलाच नको होता. आणि ज्या माणसाच्या हातानं तो शिकला त्याच्याशी जे केलं गेलं, ते चुकीचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

हा हिशेब मनात ठेवून वर जाऊ या, चारशे किलोमीटर वर.

तिथे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतंय. आपले शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये तिथे राहून आले. तिथे माणूस ठेवणं म्हणजे काय? प्रत्येक माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. शिवाय पाणी, जेवण, झोप, व्यायाम. व्यायाम चुकवला तर हाडं आणि स्नायू झिजतात. बाहेर जाऊन काम करायचं तर सहा-सात तास सूटमध्ये. त्या सूटचे हातमोजे आतल्या हवेच्या दाबानं इतके ताठ असतात की काही अंतराळवीरांची नखं निघाली आहेत. 16 जुलै 2013 ला इटलीचे लुका पार्मितानो बाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी शिरलं, नाकापर्यंत आलं. अंतराळात माणूस बुडून मरतो की काय, अशी वेळ आली होती. कसेबसे आत परतले. म्हणजे पेंट बूथसारखीच ही जागा आहे, फक्त खर्च जास्त आणि फोटो सुंदर.

मग यंत्र पाठवा. प्रश्न एवढाच की कुठल्या आकाराचं?

नासानं जनरल मोटर्सबरोबर 'रोबोनॉट 2' बनवला. 24 फेब्रुवारी 2011 ला तो डिस्कव्हरी यानातून वर गेला. डोकं, धड आणि दोन हात, एवढाच. पाय नव्हते. त्याच्या हाताचं काम मी धंद्यातला माणूस म्हणून फार कौतुकानं बघितलं आहे. एका हातात 12 स्वतंत्र हालचाली. बोटं ओढणाऱ्या मोटर पंजात नाहीत, कोपराच्या खाली आहेत आणि तिथून दोऱ्या बोटांपर्यंत जातात. आपल्या हाताचंही तसंच आहे. कोपराखाली दुसऱ्या हातानं धरा आणि बोटं हलवून बघा. बघा, आत्ताच करा. जाणवलं? बोटांचं इंजिन तिथे आहे.

माणसासारखा का बनवला, याचं कारण चांगलं होतं. स्थानकावरची प्रत्येक वस्तू माणसाच्या हातासाठी बनलेली आहे: बटणं, कठडे, पेटीचे कडी-कोयंडे, ड्रिलची मूठ. ते सगळं बदलण्यापेक्षा त्या मुठीत बसेल असा हात पाठवावा, असा विचार. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यानं कमांडर डॅन बरबँक यांच्याशी हस्तांदोलन केलं. त्या हस्तांदोलनाचं कौतुक जगभर झालं. खरी कामं पुढची: हवेच्या झरोक्यापाशी उपकरण धरून हवेचा वेग मोजणं, कठडे पुसणं, सरावाच्या फळीवरची बटणं दाबणं.

तुम्ही हसताय. पण झरोक्याचं काम बघा. माणसानं ते उपकरण धरलं तर त्याच्या श्वासानं आकडा बदलतो आणि हात थोडा हलतोच. रोबोट श्वास घेत नाही, कंटाळत नाही. इथे तो माणसापेक्षा चांगला कामगार ठरतो. काम कंटाळवाणं होतं, म्हणूनच ते त्याच्यासाठी योग्य होतं.

मग 2014 मध्ये त्याला पाय बसवले. चालायचे पाय नव्हेत, वजनच नाही तिथे चालणार काय. लांब, वाकडेतिकडे वळणारे, टोकाला कठडा पकडणारे चिमटे. दोन्ही ताणले तर नऊ फूट. आणि इथून बिघाड सुरू झाला. विजेच्या जोडणीतला दोष, कधी चालू तर कधी बंद. अंतराळवीरांचा वेळ वाचवायला पाठवलेल्या कामगाराची दुरुस्ती करण्यात अंतराळवीरांचाच वेळ जाऊ लागला. शेवटी 2018 मध्ये त्याला खाली आणलं. आमच्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट आहे. जितके सांधे, तितकी बिघडायची ठिकाणं. खाली फॅक्टरीत बिघडला तर मी स्कूटर काढून जातो. वर कोण जाणार?

रशियानं 22 ऑगस्ट 2019 ला 'फेदोर' पाठवला. अंतराळात त्याचं नाव स्कायबॉट एफ-850. हा पूर्ण माणूस, पाय धरून. सोयूझ यानात माणसाच्या खुर्चीवर बसून गेला. पहिल्या प्रयत्नात यान स्थानकाला जोडलंच गेलं नाही, 27 तारखेला जोडलं. दहा-अकरा दिवस तिथे राहिला. एक अंतराळवीर खास सूट घालून हात हलवायचा आणि त्याप्रमाणे तो हलायचा. सप्टेंबरमध्ये परत आला. नंतर त्याच्या बनवणाऱ्यांनीच सांगितलं की याची रचना बाहेर जाऊन काम करायला बरोबर नाही, लांब पाय तिथे अडचणच करतात. खाली जमिनीवर माणसाची शान असलेले पाय वर सामान होतात.

आता त्याच स्थानकाच्या बाहेर बघा. 2008 पासून तिथे कॅनडाचा 'डेक्स्टर' नावाचा रोबोट आहे. दोन हात, प्रत्येक तीन मीटरपेक्षा लांब, प्रत्येकात सात सांधे. तोंड नाही, नाव सोडलं तर माणसासारखं काही नाही. त्याचा फोटो तुमच्यापैकी कुणी स्टेटसला ठेवला असेल असं वाटत नाही. पण बाहेरचे बिघडलेले विजेचे डबे काढून नवे बसवणं असली कामं तो वर्षानुवर्षं करतोय, आणि तेवढ्या वेळा माणसाचं बाहेर जाणं वाचतंय. त्याला चालवणारे लोक ह्यूस्टनमध्ये आणि मॉन्ट्रियलजवळ खुर्चीवर बसलेले असतात. त्याचं जमतं याचं एक कारण असं की बदलायचे डबेच त्याच्या पकडीला सोयीचे बनवलेले आहेत. कामगाराला जागेसारखं करण्याऐवजी जागेला कामगारासारखं केलं.

ही युक्ती तुमच्या गावाला नवी नाही. इथून थोड्या अंतरावर लेणी आहेत. चोवीस नंबरचं लेणं तुम्ही बघितलं असेल, अर्धवट राहिलेलं. पूर्ण झालं असतं तर सगळ्यांत मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. आपण पाहुण्यांना पूर्ण झालेली लेणी दाखवतो, पण कामगार समजून घ्यायचा असेल तर अर्धवट लेणी बघावीत. त्या लोकांनी कोरायला सुरुवात छतापासून केली आणि खाली येत गेले. न कोरलेला दगड हीच त्यांची उभं राहायची जागा. परांची बांधायची गरजच नाही. माणसाची उंची पाच-सव्वापाच फूट, हात तेवढेच लांब, म्हणून कामाचा क्रमच असा लावला की हात नेहमी छताला पोचेल. हातोड्याला शिडी बांधण्यापेक्षा हे बरं.

आणि आपल्या शहरातली पाणचक्की. शाळेच्या सहलीत तुम्ही गेला असाल आणि बहुतेक माशांना लाह्या टाकून परत आला असाल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही अठराव्या शतकातली गिरणी. कित्येक किलोमीटरवरून, डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून पाणी आणलं, उंचीवरून पाडलं, त्या जोरावर जातं फिरवलं. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी, फकिरांसाठी पीठ निघायचं. जात्यावर बसणाऱ्या बाईचं काम ती करत होती, पण तिला बाईसारखे हात लावावेत असं कुणाला सुचलं नाही. गरजच नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. अल-जज़री हे दियारबकरच्या दरबारातले कारागीर. 1206 मध्ये त्यांनी आपल्या यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. त्यात वुज़ूसाठी बादशहाच्या हातावर पाणी घालणारा, सेवकाच्या आकाराचा पुतळा आहे. त्याच पुस्तकात विहिरीतून, नदीतून पाणी उपसणारी यंत्रं आहेत आणि त्यांना ना डोकं ना तोंड. दरबारात मिरवायचं तेव्हा माणसाचा आकार आणि शेतात पाणी द्यायचं तेव्हा दांडा, चाक आणि बादली. आज आठशे वर्षांनी मी कंपन्यांची सादरीकरणं बघतो तेव्हा जज़रींची आठवण येते.

मग भारताचं काय? इस्रोनं 22 जानेवारी 2020 ला बंगळुरूत 'व्योममित्रा' दाखवली. गगनयान मोहिमेसाठी बनवलेली ही अर्धी मानवाकृती: डोकं, धड, हात, पाय नाहीत. बनवली इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रानं. गगनयानातून तीन माणसं चारशे किलोमीटरवर तीन दिवस राहून यायची आहेत. त्याआधी यान रिकामं पाठवून तपासायचं आणि त्या रिकाम्या यानात व्योममित्रा बसणार. यानातले आकडे वाचायचे, गडबड झाली तर इशारा द्यायचा, पॅनलवरची बटणं दाबायची. ती हिंदी आणि इंग्रजी बोलते.

यात तिला कामगार म्हणायचं का? माझं मत, ती परीक्षक आहे. तिथली खुर्ची माणसाची, बटणं माणसाच्या बोटांची, पॅनलचं अंतर माणसाच्या हाताचं. माणूस बसण्याआधी ते सगळं माणसाच्या मापानं तपासायचं तर माणसाच्या मापाचं कुणीतरी हवं. इथे मानवाकृती असण्याला खरा अर्थ आहे. पाय लावले नाहीत हेही शहाणपण. फेदोरच्या पायांची गोष्ट तुम्ही आत्ताच ऐकली.

एक गोष्ट जाता जाता, इथे बसलेल्या बहिणींसाठी. फेब्रुवारी 2024 मध्ये गगनयानाच्या चार अंतराळवीरांची नावं जाहीर झाली. चौघेही हवाईदलाचे टेस्ट पायलट, चौघेही पुरुष. आधी जाणारी रोबोट मात्र बाई. धोक्याचं पहिलं उड्डाण बाईच्या नावावर आणि मानाचं दुसरं पुरुषांच्या. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मला ते खटकलं, तुम्हालाही खटकावं.

त्याच तिरुवनंतपुरमच्या केंद्राचं दुसरं काम मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. 30 डिसेंबर 2024 ला पीएसएलव्ही-सी60 गेलं. उपग्रह सोडून झाल्यावर रॉकेटचा चौथा टप्पा फेकून न देता इस्रोनं त्यावर प्रयोग मांडले. त्यात एक चालणारा यांत्रिक हात होता, सात सांध्यांचा. दोन्ही टोकांना पकड. एक टोक घट्ट धरायचं, दुसरं पुढे टाकायचं, मग ते धरायचं आणि मागचं सोडायचं. अळी चालते तशी चाल. तोंड नाही, नमस्कार करत नाही, म्हणून बातम्यांत फारसा आला नाही. 2035 पर्यंत भारताला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे. त्या स्थानकाच्या अंगावरून फिरून दुरुस्ती करणारा खरा कामगार या अळीच्या वंशातला असेल, असं मला वाटतं.

म्हणून त्या बारावीतल्या मित्राला माझं उत्तर असं. बाहेर, उघड्या अंतराळात, माणसाच्या आकाराचा फायदा नाही. तिथे अळी, कोळी, लांब हात जिंकतील. आत मात्र, जिथे सगळं माणसाच्या मापाचं आहे आणि माणूस हजर नाही, तिथे मानवाकृती कामाची आहे. उद्या चंद्रावर तळ झाला तर वर्षातले कित्येक महिने तो रिकामा राहील. दिवा गेला, पंप अडला, गळती झाली, तर कुणीतरी पान्हा हातात घ्यायला हवा. घराला कुलूप लावून हजला जाताना आपण शेजारच्या चाचांना किल्ली देतो ना, तसा. पण तोपर्यंत त्याला माझ्या पॉलिथिनच्या पिशवीची परीक्षा पास व्हावी लागेल, कारण स्थानकावर सामान कापडी पिशव्यांतच ठेवतात आणि तिथे ती पिशवी तरंगते, वायरी सापासारख्या डोलतात. हस्तांदोलन जमून भागत नाही.

आता अब्बांकडे परत येतो. रोबोनॉटचा व्हिडिओ मी त्यांना फोनवर दाखवला होता. मला वाटलं, म्हणतील वा. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "इसका हाथ कौन पकडा?"

इतक्या परिषदांना गेलो, इतका मुद्द्याचा प्रश्न मी ऐकला नाही. हाच प्रश्न होता. रोबोनॉटचा हात पकडणारे होतेच. जमिनीवरचे ऑपरेटर होते, आणि कधी स्थानकावरचाच अंतराळवीर डोळ्यांवर पडदा आणि हातात मोजे घालून त्याला चालवायचा. फेदोरचा हात सूट घातलेल्या अंतराळवीरानं पकडला. डेक्स्टरचा मॉन्ट्रियलमधून. जिथे दुरून हात पकडणं शक्य नसेल तिथे आधी शिकवून पाठवावं लागेल. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे, आपला इशारा पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. नळ बंद करताना अडीच सेकंद उशिरा कळलं तर पाणी सांडलेलं असतं. मंगळाला तर एका बाजूनं तीन ते बावीस मिनिटं. तिथे कामगार स्वतःच शहाणा हवा, आणि त्याला शहाणं करायला खाली हजारो माणसांचे हात लागतात.

हे काम सुरू झालंय. आज जगभर, भारतातही, माणसांच्या अंगावर कॅमेरे लावून त्यांची कामं रेकॉर्ड केली जातात. टॉवेलची घडी घालणं, पेटी भरणं, भांडी उचलणं. मानवाकृती रोबोटना शिकवायला ही माहिती लागते. उद्या असं काम तुमच्यापर्यंतही येईल. फिटर, शिवणकाम करणारी, मेकॅनिक, ज्याचा हात चांगला त्याला बोलावतील. जावं की नाही? जावं. नाही म्हणून यंत्र थांबत नाही, अब्बांनी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या पेंटरला विचारलं असतं. पण सही करण्याआधी कागद वाचा. तुमची हालचाल एकदा विकली की किती वर्षं वापरली जाणार? शिकवणाऱ्याला नंतर कामावर ठेवणार का? अब्बांपुढे कागदच नव्हता. त्यांना वाटलं, आपला मान वाढतोय.

दुसरा मार्गही आहे आणि तो कल्पनेतला नाही. 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्येच, हो पुन्हा तेच शहर, जेनरोबोटिक्स नावाच्या तरुण इंजिनिअरांच्या कंपनीनं गटार साफ करणारा 'बँडिकूट' रोबोट उतरवला. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. ही माणसं कुठल्या वस्तीतली असतात ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. बँडिकूटला कोळ्यासारखे पाय आहेत, माणसाचा आकार नाही. पण मला आवडलं ते वेगळंच. जे आधी गटारात उतरत होते त्या कामगारांनाच तो चालवायला शिकवलं. गटाराचं तोंड, आतला गाळ, कुठे काय अडकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? यंत्र बदललं, पण कामाची अक्कल ज्याची होती त्याच्याकडेच ठेवली. माझ्या अब्बांच्या कंपनीत त्या रोबोटपाशी एक माणूस हवाच होता, रंगाचा थर बघून दुरुस्ती सांगणारा. त्यांनी बाहेरून डिप्लोमावाला आणला. थर बिघडला की तो अब्बांना फोन करायचा. अब्बा फोनवर सांगायचेही, फुकट. अम्मी चिडायची.

तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, अंतराळ वगैरे आपल्यासाठी नाही, तिथे दुसरी माणसं जातात. इस्रोत फक्त शास्त्रज्ञ नसतात. आयटीआय झालेल्यांची टेक्निशियन म्हणून भरती होते, डिप्लोमावाल्यांची टेक्निकल असिस्टंट म्हणून. फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' नावाचा कार्यक्रम 2019 पासून आहे, लहान भावंडांना सांगा. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेत जेईई अ‍ॅडव्हान्सवरून प्रवेश मिळतो. रॉकेटची इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, बूस्टरची मोठी आवरणं इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला. तिथे वेल्डरच लागतो. अवघड आहे का? आहे. जागा कमी, अर्ज हजारो. आडनाव बघून भाडेकरू नाकारणारं शहर मीही अनुभवलंय, त्याबद्दल गोड बोलणार नाही. पण वेल्डची एक्स-रे तपासणी होते तेव्हा फिल्मवर आडनाव दिसत नाही, पोकळी राहिली असेल तर ती दिसते.

बोलणं पुरे. बॅगेत मी एक यांत्रिक पंजा आणलाय. घरीच बनवलेला, पाच छोट्या मोटर, दोऱ्या कोपराखालून येतात, रोबोनॉटसारख्या, फक्त स्वस्तातल्या. हा मोजा घातला की तुमची बोटं हलतील तशी त्याची हलतात. टेबलावर वस्तू मांडल्या आहेत: पाना, काचेची बांगडी, ओढणी, पॉलिथिनची पिशवी आणि अंडी. ज्याचा प्रश्न होता त्यानं आधी यावं. मग मागच्या रांगेतल्या मुलींनी, शिवणक्लासला जाणाऱ्या कोण आहेत त्यांनी, ओढणीवर तुमचा हात चालेल असं मला वाटतं. सावकाश. अंडी मी चारच आणली आहेत.